पडलेला चाबूक कुणी उचलायचा

घोडा चौक बघायला येणार असाल तर पायात बंद चप्पल घाला आणि घोड्याच्या मागून जाऊ नका. जायचंच झालं तर आधी त्याच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवा, तोंडानं काहीतरी बोला, मग हात तसाच ठेवून त्याच्या अंगाला घासून पलीकडे व्हा. लांबून गेलात तर लाथ पुऱ्या ताकदीनं बसते. जवळून गेलात तर नुसता धक्का बसतो.

हे मी फोनवर कोमलला सांगत होते तर ती हसत सुटली. कोमल माझ्या भावाची मुलगी. लग्न होऊन गेल्या दिवाळीनंतर नायगावच्या टॉवरमध्ये राहायला आलीय.

"आत्या, अगं तो घोडा फायबरचा आहे!"

"असू दे."

"फायबरचा घोडा लाथ मारतो?"

"तू हात ठेवून जा म्हणते ना मी."

मला माहीत आहे तो फायबरचा आहे. चौकाचं सुशोभीकरण झालं तेव्हा तो ट्रकमधून आला, आडवा, चारी पाय हवेत आणि पोटाला दोर बांधलेला. मी तेव्हा भाजी घेऊन उभी होते. पोटाला दोर बांधलेला पांढरा घोडा बघितला आणि माझ्या हातातली पिशवी सुटली. टोमॅटो रस्ताभर झाले. एक रिक्षावाला ओरडला, "ओ मावशी, मरायचंय काय?" मी टोमॅटो तसेच सोडून घरी आले.

आता तो चौक फार नावाजलाय. रविवारी संध्याकाळी विरार, नालासोपाऱ्यापासून पोरंपोरी येतात. घोडा, त्याच्या मागे टांगा, टांग्यात बसलेला फेटेवाला माणूस, भोवती रंगीत कारंजं. सगळे त्याच्यापुढे उभे राहून व्हिडिओ काढतात. फेटा तेवढा खोटा आहे. आमच्या टांगेवाल्यांपैकी कुणी फेटा बांधत नव्हतं.

कोमलला मी सगळं नीट सांगितलं. मला सांगायची सवयच आहे, सांगितलं नाही तर रात्री झोप लागत नाही. पाण्याची बाटली घरून ने. कारंज्याच्या काठावर बसू नकोस, शेवाळ आहे. मंगळसूत्र पदराखाली घे. चार वाजता जा, तेव्हा ऊन घोड्याच्या तोंडावर असतं, फोटो चांगला येतो. भेंडीच्या झाडाकडे पाठ करून उभी राहा, म्हणजे मागून कुणी येणार नाही.

"भेंडीचं झाड? भाजीच्या भेंडीचं?"

"नाही गं. मोठं झाड असतं समुद्राकडे. पिवळी फुलं येतात, संध्याकाळी लाल होतात. दिसेल तुला."

त्या झाडाखाली आमची ऐरण होती.

*

आम्ही माण तालुक्यातले. माझे मालक बैलांना पत्र्या मारायचे. बैलाच्या खुराला जो लोखंडी नाल ठोकतात त्याला आमच्याकडे पत्री म्हणतात. त्यांचा बाप तेच करायचा, आजा तेच. माझी शाळा सातवीत सुटली आणि पुढच्याच साली लग्न झालं. मग भात्याची दोरी हातात आली ती आलीच. गाव का सोडलं ते इथं लिहीत नाही. सोडलं, आणि परत जायला दार राहिलं नाही, एवढं पुरे.

वसईच्या या चौकात टांग्यांचा अड्डा आहे आणि तिथला नालबंद वारलाय, असं कुणीतरी सांगितलं. एका पोत्यात ऐरण, एकात भाता, माझ्या डोक्यावर भांडी. असे आम्ही त्या झाडाखाली येऊन बसलो.

काय तो चौक होता! आजच्या पोरांना वाटतं टांगा म्हणजे टपटप टापा, घुंगरं, गारेगार वारा. टांग्याचा अड्डा म्हणजे दिवसभर चाललेली मारामारी असायची. घोडे एकमेकांना चावायचे. पुढच्या टांग्याच्या घोड्याची मान मागच्या घोड्याच्या तोंडात सापडली की अशी किंकाळी यायची की समोरच्या दुकानातल्या बाया कानावर हात ठेवायच्या. टांगेवाले पाळीवरून भांडायचे. पाळी म्हणजे कुणाचा टांगा आधी भरायचा तो नंबर. एकानं पाळी तोडली की दुसरा त्याच्या चाकात काठी घालायचा. गचांड्या धरल्या जायच्या, दात पडायचे, आणि तेच दोघं तासाभरानं एका बशीत चहा ओतून पीत बसलेले असायचे. मला काही समजायचं नाही. आमच्या गावात दोन माणसं अशी भांडली तर तीन पिढ्या बोलली नसती.

वास अजून नाकात आहे. घोड्याच्या मुताचा तिखट वास, ओल्या गवताचा गोड वास, आणि दोन्ही एकत्र होऊन दुपारी डोळ्यांत झोंबायचं. तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं की चर्र आवाज आणि रक्तासारखा वास. खूर तासला की त्याचे पापुद्रे खाली पडायचे, त्यावर कुत्री तुटून पडायची. एका पापुद्र्यासाठी एक कुत्रं दुसऱ्याचा कान फाडायचं. आणि हौद. दगडी हौद होता घोड्यांना पाणी प्यायला, त्याच्या काठाला लोखंडी कड्या. उन्हाळ्यात घोडे तहानेनं एकमेकांना लोटत त्यात डोकं खुपसायचे आणि पाण्यावर फेस तरंगायचा.

आज तिथं कारंजं आहे. म्हणून मी काठावर बसू नकोस म्हणते. शेवाळ हे नुसतं सांगायचं कारण.

*

आलो त्याच दिवशीची गोष्ट.

अड्ड्यातला सगळ्यांत जुना टांगेवाला म्हणजे भुईगावचा बस्त्याव. उंच, वाळका, गळ्यात क्रूस, तोंडात कायम विडी. त्याची घोडी पांढरी, नाव साखर. ती ज्याला चावली नाही असा माणूस चौकात नव्हता. "नाव ठेवताना ती लहान होती, मला काय ठाऊक!" असं बस्त्याव म्हणायचा.

तिचा मागचा नाल पडला होता. बस्त्यावनं टांग्यातून तिला सोडलं, हौदाच्या कडीला बांधलं आणि मालकांना म्हणाला, "नवा नालबंद काय रे तू? बघू तुझा हात. मी चहा मारून येतो." आणि रस्ता ओलांडून गेला.

आता काय झालं ते ऐका. बैलाला पत्री मारताना बैल पाडतात. त्याच्या अंगावरून दोर घ्यायचा, पायात गुंतवायचा आणि झटका द्यायचा. बैल गुडघ्यावर येतो, मग कुशीवर कलंडतो. मग चारी पाय एकत्र बांधून बेचक्याच्या लाकडावर टेकवायचे आणि ठोकायचं. बैल पडतो, सुस्कारा टाकतो, डोळे मिटून घेतो. मालकांनी जन्मभर तेच केलेलं. घोड्याला उभ्यानंच नाल मारतात, त्याचा पाय आपल्या मांडीवर घेऊन, हे आम्हाला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं असतं हे डोक्यात आलं नाही. आमच्या गावात घोडा फक्त नवरदेवाखाली यायचा.

मालकांनी दोर टाकला.

साखर पडली ती बैलासारखी नाही पडली. आधी ती सरळ वर उठली, मागच्या दोन पायांवर, आणि मग अख्खी फरशीवर आदळली. तो आवाज मी कशाशी सांगू? मालाचं पोतं गच्चीवरून टाकावं तसा, आणि त्यात हाडाचा आवाज. ती ओरडली. घोडी अशी बाईसारखी ओरडते हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या एका पायाला दोर बसला होता, तीन मोकळे होते, आणि त्या तिन्ही पायांनी ती फरशी फोडत होती. ठिणग्या उडत होत्या. भाता लाथेनं फाटला. मालकांनी स्वतःला तिच्या मानेवर आडवं टाकलं आणि तिचं डोकं खाली दाबून धरलं. घोडं उठतं ते मानेच्या जोरावर. मान धरली की उठत नाही, एवढं त्यांच्या हातांना बैलांवरून कळत होतं. दोर पायात असताना ती उठली असती तर पाय मोडलाच असता.

तेवढ्यात बस्त्याव आला.

त्याला काय दिसलं? त्याची घोडी जमिनीवर, तोंडाला फेस, आणि एक अनोळखी माणूस तिच्या गळ्यावर बसलेला.

"जेजू! माझी साखर मारली रे!"

चहाचा ग्लास त्यानं तसाच फेकला, तो मालकांच्या कपाळावर फुटला. मग चाबूक. टांग्याचा चाबूक म्हणजे बारीक वेताची काठी आणि पुढे चामड्याची वादी. पहिल्या फटक्याला सदरा फाटला. दुसऱ्याला पाठ. मग मी मोजायचं सोडलं. बाकीचे टांगेवाले धावत आले, त्यांच्याही लाथा सुरू झाल्या. बरगड्यांत, मांडीत, जिथं मिळेल तिथं. "पाडतो काय भडव्या, घोडी पाडतो काय!" मी किंचाळत होते, पण माझं बोलणं कुणाला समजत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मला एकच दिसत होतं. मालक हात वर करत नव्हते. तोंडावर फटका आला तरी हात वर नाही. दोन्ही हात घोडीच्या मानेभोवती.

मला वाटलं मेले. मेल्यावर मी या पोत्यांचं काय करू, कुठं जाऊ, हेच मनात. दुःख नंतर आलं. आधी भीती आली, आणि ती भीती आजही गेलेली नाही. घरातून निघताना मी गॅस तीनदा बघते.

तेव्हा हिरूबाई उठली. चिंचोटीकडची बाई, रोज डोक्यावरून गवताचे भारे आणून चौकात विकायची. काळी, ठेंगणी, कमरेला विळा. तिनं हौदातली बादली भरली आणि भांडणाऱ्या कुत्र्यांवर टाकतात तसं पाणी त्या माणसांवर फेकलं.

"आरं मेल्यांनो! त्यानं घोरी सोरली तं तिची तंगरी मोरल! दिसत नाय काय? धरून बसलाय तो तिला! आधी दोर सोरा, मंग मारा त्याला किती मारायचा तो!"

तिच्या बोलीत घोडीची घोरी व्हायची. मला ते पहिल्यांदा कळलं नाही, पण टांगेवाल्यांना कळलं. ते थांबले. बस्त्यावचा हात वरच राहिला.

दोघांनी घोडीचे पाय धरले, हिरूबाईनं विळ्यानं दोर कापला. "सोर आता," ती मालकांना म्हणाली. मालकांनी हात सोडले आणि ते तिथंच बाजूला लवंडले.

साखर उठली नाही.

पाय मोकळे, मान मोकळी, पण ती तशीच पडून. पोट वरखाली होत होतं. डोळ्याचा पांढरा भाग दिसत होता. बस्त्याव गुडघ्यावर बसला, तिच्या कानात शीळ घालायला लागला, हळू, तान्ह्या पोराला घालतात तशी. सगळा अड्डा गोल करून उभा. प्रवासी थांबले. चर्चची दुपारची घंटा झाली. एक माशी तिच्या डोळ्यावर बसली तरी ती पापणी हलवेना. मला कळत होतं की ही घोडी उठली नाही तर आम्ही इथून जिवंत जाणार नाही. आणि उठली, तरी इथं राहू शकणार नाही. आणि दुसरीकडे जायला जागा नव्हती.

मग ती उठली. एका झटक्यात, सगळ्यांना उधळत. बादली लाथेनं थेट रस्त्यापलीकडे गेली. उभी राहून तिनं अंग झाडलं, थरथरली, आणि बस्त्याव तिच्या गळ्यात पडायला गेला तर त्याच्याच खांद्याला कडकडून चावली.

कुणीतरी हसलं. पण बस्त्याव हसला नाही. खांदा धरून तो वळला. मालक भेंडीच्या बुंध्याला टेकून बसले होते, कपाळातून रक्त डोळ्यात जात होतं. बस्त्याव त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला. चाबूक उचलला. मला वाटलं, आता शेवटचं. आणि त्यानं तो चाबूक त्यांच्या पायापाशी जमिनीवर टाकला.

सगळा चौक मागे सरकला. कुणी जाईना. सगळे त्या चाबकाकडे बघत होते. मालकांना काही दिसत नव्हतं, डोळे रक्तानं बंद.

मला एवढंच दिसलं की ज्यानं माझ्या माणसाची पाठ सोलली ते माझ्या पुढ्यात पडलंय आणि त्याला कुणी राखत नाही. मी गेले. उचललं. आणि बस्त्यावला मारलं.

जोरात मारलं. भाता ओढणारा हात होता माझा. वादी त्याच्या मानेवर बसली, क्रूसाच्या दोऱ्याखाली, आणि लगेच लाल रेघ उठली.

तो हलला नाही. डोळेसुद्धा मिटले नाहीत. त्यानं नुसता हात पुढे केला, पंजा वर करून, मागतात तसा. मी दुसऱ्यांदा हात उचललेला. पण असा उघडा हात पुढे आल्यावर मारता येत नाही हो. मी चाबूक त्याच्या हातात ठेवला.

"झाला," हिरूबाई म्हणाली. "मिटला. चला, पांगा आता."

आणि खरंच सगळे पांगले. एकानं मालकांना पाणी दिलं. एकानं फाटका भाता उचलून झाडाखाली ठेवला. ज्यानं बरगडीत लाथ घातली होती तोच हळद घेऊन आला. मला वाटलं, सगळे वेडे आहेत.

संध्याकाळी हिरूबाईनं सांगितलं. त्या अड्ड्याची रीत होती. भांडण हद्दीबाहेर गेलं की टांगेवाला आपला चाबूक समोरच्याच्या पायाशी टाकायचा. ज्याचा त्यानं उचलायचा नाही. समोरच्यानं उचलून त्याच्या हातात परत द्यायचा. दिला की भांडण मिटलं, पुन्हा त्यावर बोलायचं नाही. नाही उचलला, आणि चाबूक तसाच पडून राहिला, की त्या माणसाला अड्ड्यावर जागा नाही. त्याच्याशी कुणी बोलणार नाही, त्याला कुणी पाणी देणार नाही.

"तू उचलला नसतास ना बाय, तं तुमची ऐरन आता रस्त्यावर असती," हिरूबाई म्हणाली. "तुझा घोव तं आंधला बसलेला. मला वाटला, गेली ही पोरं. आन तू उठलीस."

"मी त्यांना मारायला उचलला."

"ता बी बघितला सगल्यांनी!" ती पदर तोंडाला लावून हसली. "मधी एक फटका घातलास. आसा कोनी केला नव्हता आजून."

त्या मधल्या फटक्याचं काय, यावर चौकात पुढे कित्येक वर्षं वाद चालला. काही म्हणायचे, मारल्यावर मिटलं कसं? भांडण पुन्हा सुरू व्हायला हवं होतं. काही म्हणायचे, परत दिला ना, मग मधलं धरायचं नाही. बस्त्याव स्वतः काही म्हणायचा नाही. फक्त प्रवाशांना मान वाकवून दाखवायचा आणि म्हणायचा, "ही नालबंदाच्या बायकोची सही."

*

दुसऱ्या सकाळी तो आला. साखर बरोबर. मालकांना धड उभं राहता येत नव्हतं. "बस, तू नुसता बघ," तो म्हणाला. तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, हात तिच्या पाठीवरून, मांडीवरून खाली घसरवत नेला, तिचा पाय उचलला आणि स्वतःच्या दोन मांड्यांत धरला. "असा. ती तुला दिसत नाही, तू तिला दिसत नाहीस. पण हात सोडायचा नाही. हात सुटला की ती घाबरते. घाबरली की मारते. रागानं नाही मारत." मग माझ्याकडे बघून, "तू पण शिक गं बाय. मागून जाताना हात ठेवून जायचं. बोलत जायचं. काय पण बोल, शिव्या दे, पण बोल."

मग मी बोलायचे. साखरेच्या मागून कोळसा आणताना मी तिला काय काय सांगितलंय! घरची आठवण, आईची आठवण, तुझ्यामुळं माझ्या नवऱ्याची पाठ फुटली गं रांडे, असंही. तिनं मला कधी लाथ मारली नाही. चावली मात्र दोनदा.

मालकांच्या पाठीवरचे वळ थंडीत खाजायचे. मी तेल लावायचे तेव्हा बोटांना ते उंचवटे लागायचे, नांगरटीसारखे. ते म्हणायचे, "हळू. तिथं बस्त्याव आहे." एवढंच. त्या माणसावर त्यांचा जेवढा जीव होता तेवढा सख्ख्या भावावर नव्हता. नाताळात भुईगावहून आमच्याकडे टोपलीभर केळी यायची आणि संक्रांतीला आमच्याकडून तीळगूळ जायचा. आम्हाला राहू दिलं, याचं आम्ही दोघांनीही जन्मभर ओझं नाही, अप्रूप मानलं.

पुढे रिक्षा आल्या. मग जे झालं त्यापुढे आमची मारामारी म्हणजे पोरखेळ होता. दगड, सोड्याच्या बाटल्या, फुटलेल्या काचा. एक टांगा भर चौकात पेटवला गेला, त्याची गादी दिवसभर धुमसत होती, काथ्या जळाल्याचा वास कपड्यांतून आठवडाभर जाईना. टांगेवाल्यांनी चाबूक टाकले. खरंच टाकले, रिक्षांच्या पुढ्यात, रस्त्यावर, एकामागून एक. रिक्षावाल्यांना रीत कुठं माहीत? त्यांच्या चाकांखाली वेताच्या काठ्या कडाकड मोडल्या. तो आवाज ऐकून बस्त्याव झाडाखाली येऊन बसला आणि म्हणाला, "संपला चौक." साखर कशी गेली ते मी सांगणार नाही. तो गेला, हिरूबाई गेली, मालक गेले. हौद बुजवला. मी विरारला मुलाकडे राहायला गेले. पंखा आहे, गॅस आहे, नातवंडं आहेत, मला काही कमी नाही. तरी दुपारी डोळा लागला की कानात ऐरण वाजते.

*

शेवटी रविवारी कोमलबरोबर मीच गेले. एवढं सांगूनही ती काहीतरी विसरेल, ही धाकधूक.

ऊन घोड्याच्या तोंडावर होतं. भेंडीला फुलं होती. कोमल आधी झाडाकडे पाठ करून नीट उभी राहिली, मग विसरली आणि घोड्याच्या शेपटीपाशी गेली. तिथं एक पोरगा गुडघ्यावर बसून, लांब दांडीला मोबाइल लावून व्हिडिओ काढत होता. ती मधे आली.

"ओ ताई, दिसत नाही का? पूर्ण शॉट घालवला!"

"चौक काय तुझ्या बापाचा आहे?" कोमल. माणची आहे, ऐकून घेणार नाही.

"बापावर जायचं नाही हां!"

"जाईन. काय करशील?"

त्याचे दोन मित्र पुढे आले. एकानं कोमलचा खांदा ढकलला. कोमलनं त्याची कॉलर धरली. लोक जमले, निम्म्यांनी मोबाइल वर केले. आणि त्या पोरानं चिडून दांडीवरचा मोबाइल खेचून काढला आणि दांडी खाली फेकली. "घ्या! तुम्हीच काढा! आख्खा चौक घ्या!"

दांडी फरशीवर टण्णकन वाजून माझ्या पायाशी आली.

सगळे क्षणभर मागे सरले. नुसतेच. आवाजानं दचकून. पण मला तो चौक मागे सरताना दिसला.

मी वाकले. गुडघे कटकन वाजले. दांडी हातात आली तेव्हा मनगट आपसूक वर जायला बघत होतं. मी ते खाली धरलं. मूठ त्याच्याकडे करून दांडी पुढे केली. पोरगा बघत राहिला. मिसरूड फुटलेलं, कपाळावर घाम. मग त्यानं हात पुढे केला, पंजा वर करून, आणि घेतली.

"सॉरी आजी," तो म्हणाला.

"मिटलं," मी म्हणाले. "पांगा आता."

त्याला काही कळलं नाही, पण ते पांगले. कोमल धुसफुसत होती. ओढणी सारखी करत माझ्यामागून आली.

"आत्या, तू का उचललीस? फेकली त्यानं. ढकललं त्यांनी. आपली चूक होती का?"

"चुकीचं कोण विचारतंय?"

"मग?"

मी भेंडीकडे बघितलं. बुंध्यात अजून एक खिळा आहे, मालक त्यावर सदरा टांगायचे. झाडानं तो अर्धा गिळलाय.

"मला इथं राहायचं होतं," मी म्हणाले.

पलीकडे रिक्षा उभ्या होत्या. तिकडे जायला घोड्याच्या मागूनच वाट आहे. मी हात त्याच्या पुठ्ठ्यावर ठेवला. उन्हानं फायबर तापलं होतं, जिवंत जनावरासारखं. "मी आहे गं, साखर," म्हणाले, आणि हात न उचलता पलीकडे झाले.

कोमल हसली. पण तीही हात ठेवूनच आली.